भीति खाऊची कीं रस्त्याची?

अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. हाच तेथील ‘हॅलोविन’. आपल्या शिमग्याच्या सोंगांची आठवण करून देणारा. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नातवंडेंहि त्यांत असतात, आणि इकडे आजीच्या मनांत एकच धास्ती: परक्या घरच्या खाऊंत कोणीं विष तर कालविलें नसेल ना?

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनीं अनेक वर्षांच्या वार्ता तपासल्या. अनोळखी माणसानें वाटलेल्या विषारी खाऊनें मूल दगावल्याचें एकहि सिद्ध उदाहरण त्यांस आढळलें नाहीं. १९७४ सालीं टेक्सासमध्यें ८ वर्षांचा एक मुलगा अशा खाऊंतील सायनाइडनें मेला खरा. परंतु विष देणारा त्याचा जन्मदाता पिताच होता, आणि तेंहि विम्याच्या पैशासाठीं!

खरा काळ रस्त्यावर उभा असतो. १९७५ ते २०१६ पर्यंतच्या अपघातांचा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. एक आठवडा आधींच्या व नंतरच्या संध्याकाळांशीं ताडून पाहतां, या संध्याकाळीं पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्के अधिक भरला. ४ ते ८ वर्षांच्या मुलांचा तर दसपट.

तेव्हां सोंग काळेंच हवें असा मुलाचा हट्ट असल्यास पाठीवर मोटारीच्या उजेडांत चमकणाऱ्या फिती शिवाव्या. झगा घोट्याच्या वर असावा. मुखवट्याच्या भोकांतून बाजूनें येणारी मोटार दिसत नाहीं, म्हणून चेहराच रंगवावा हें बरें. रस्त्याच्या एका बाजूचीं घरें आटोपल्यावर चौकांतूनच पलीकडे जावें. ओसरीवरचा दिवा मालविलेला असेल तेथें दार ठोठावूं नये, असा तेथील संकेत आहे. शेंगदाणा न सोसणाऱ्या मुलाचा खाऊ मात्र वडील माणसानें वेष्टन वाचूनच द्यावा. आजोबा तिकडे गेलेले असल्यास त्यांनीं विजेरी घेऊन मागून चालावें. त्यांस सोंगाची सक्ती नाहीं.