साइडबॉटम : एका इंग्रजी आडनावाची कुळकथा



‘साइडबॉटम’ हे विरळ इंग्रजी आडनाव कानी पडले की आपली मुले खुदकन हसतात. बॉटम म्हणजे बूड, मग हसू येणारच. हे नाव लावणारे कित्येक इंग्रजही त्यापायी ओशाळत आले. कोणी ‘बॉटम’चे ‘बोथम’ केले. कोणी अक्षरे तीच राखून उच्चार तेवढा ‘सिडिबोटोम’ असा भारदस्त केला.

माझ्या मते ही लाज अस्थानी आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोत्म’ म्हणजे दरीचा तळ, आणि ‘सीद’ म्हणजे रुंद. रुंद दरीतला तो साइडबॉटम. लँकेशायर आणि चेशायर या डोंगराळ मुलखात अशी नावे बरीच निपजली. तिकडच्या रॅम्सबॉटम या गावाच्या नावात बहुधा रानलसूण आहे, तर ‘शफलबॉटम’ या आडनावात चक्क मेंढी दडली आहे. आपल्या मराठीतही भांड्याला बूड असतेच की! संस्कृतातील ‘बुध्न’ आणि इंग्रजीतील ‘बॉटम’ ही तर एकाच मुळाची रूपे होत.

परंतु असे नाव चिकटते कोणाला? दरीतच राहिलेल्याला नव्हे. तेथे सारेच तेथले. मनुष्य गाव सोडून परक्या वस्तीत गेला, की लोक त्याला त्याच्या मूळ ठिकाणावरून ओळखू लागतात. रोह्यात कोणाला रोहेकर म्हणण्याचे प्रयोजन नाही. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आपली आडनावे म्हणजे कोकणातील कोणत्या गावाहून पूर्वज निघाले त्याची नोंद आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा अलिबागजवळच्या किहीमचे नावही या भूमीत छापले गेले.

येथे काही तरुणांना ‘कर’ जड वाटते आणि ते हिब्रू नाव घेतात. त्यांना मी दोष देत नाही. इंग्रजांनी अक्षरे बदलली ती मात्र दरीचा अर्थ विसरून. आपल्याला अजून नकाशावर बोट ठेवून गाव दाखवता येते. नाव बदलण्यापूर्वी ते एकदा मुलांना दाखवावे.

आणि क्रिकेटवेड्यांसाठी एक गंमत : १९८५ साली नॉटिंगहॅमच्या कसोटीत इंग्लंडच्या संघात इयान बोथम आणि अर्नी साइडबॉटम एकत्र खेळले. एकाच शब्दाची दोन रूपे, एक झाकलेले आणि एक उघडे.