जुळ्या कोकरांचं अक्षर

दिवाळी सरली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या जिरायती पट्ट्यातले धनगरांचे वाडे हलायला लागतात. घोड्यावर बिऱ्हाड चढतं आणि दोन-चार दिवसांची कोकरं डालग्यात बसतात. कुत्री मागेपुढे धावत असतात. कडबनवाडीच्या माळावरचं गवत तोवर पिवळं पडलेलं असतं, आणि त्या माळावर लांडगाही असतो, त्यामुळे वाडा रात्री जागाच राहतो. पूर्वी हे रान मोठं होतं. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, त्याच्यामागे ऊस आला आणि चरायची जमीन बांधाबांधांत अडकत गेली. माणसं वाढली, मटणाची मागणी वाढली, घोंगडीचं गिऱ्हाईक मात्र आटलं. काळ्या लोकरीसाठी पिढ्यानपिढ्या जपलेल्या दख्खनी मेंढीकडे आता एकच मागणं आहे: कोकरू.

लहानपणी आमच्या शेतात मेंढरं बसायची. रात्री वाघर लावून कळप कोंडायचा आणि सकाळी वाघर उचलली की खाली लेंड्यांचा थर. त्याच्या बदल्यात आमच्याकडून धान्य जायचं. एका पहाटे एक मेंढी जुळं व्याली होती. धनगराच्या घरच्या बाईनं एक कोकरू आईला लावलं आणि दुसरं उचलून वाड्यातल्या शेळीच्या आचळाला धरलं. शेळी लाथा झाडत होती, बाई तिला बोलत होती. ते दृश्य डोक्यातून गेलं नाही, कारण पुढं मेंढीच्या बीजांडकोशावरचं संशोधन वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की सगळा प्रश्न त्या पहाटेत आधीच मांडलेला होता. जुळं का होतं, आणि झालं तर ते जगवायचं कसं?

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. शंभर मेंढ्या व्याल्या तर जुळी मोजायला एका हाताची बोटं पुरतात. असं का, याचं उत्तर संप्रेरकांच्या हिशेबात आहे. मेंढीचं माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं. दर चक्राला बीजांडकोशात बारीक पाण्याच्या फोडांसारखी अनेक पुटकं वाढू लागतात आणि प्रत्येकात एक बीज असतं. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडून त्यांना पोसते. मग एक पुटक पुढं निघतं. ते मोठं होताना इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन रक्तात सोडतं, आणि हे दोन निरोप पियूषिकेला पोचले की ती एफएसएचचा हात आखडता घेते. बाकीची पुटकं उपाशी मरतात. पुढं निघालेलं पुटक एव्हाना एलएच या दुसऱ्या संप्रेरकावर जगायला शिकलेलं असतं, म्हणून तेवढं तरतं. एक बीज सुटतं, एक कोकरू येतं. दुष्काळी मुलखातल्या जनावराला हा हिशेब शहाणपणाचाच होता.

हा हिशेब बदलणारं जनावर आपल्याच देशात होतं, पण दूर बंगालच्या सुंदरबनात. तिथली गारोल मेंढी जेमतेम दहा-पंधरा किलोंची, चिखलात आणि खारट पाण्याच्या काठी चरणारी. जुळं तिला नित्याचं. या ठेंगण्या मेंढीला फलटणला आणण्याचं काम निंबकर कृषी संशोधन संस्थेनं केलं. बारामतीहून नीरा ओलांडली की पलीकडे फलटण तालुका. जिल्हा बदलतो, पण माती, मेंढी आणि धनगर बदलत नाहीत. बनबिहारी विष्णू निंबकरांनी १९६८मध्ये ही संस्था काढली. त्यांच्या आई कमला निंबकर जन्मानं अमेरिकन. भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण त्यांनी सुरू केलं. पत्नी जाई निंबकर लेखिका आणि इरावती कर्व्यांच्या कन्या. अशा घरातल्या माणसानं ग्रामीण फलटणमध्ये करडई, ऊस, शेळ्या-मेंढ्या यांत आयुष्य घालवलं. २०२१मध्ये ते गेले. संस्थेचं पशुसंवर्धनाचं काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी उभं केलं. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून पशुप्रजननाच्या आनुवंशिकीत पीएचडी केली, आणि संशोधनाचा विषय दख्खनी मेंढीच राहिला.

ऑस्ट्रेलियाचा संबंध केवळ पदवीपुरता नाही. तिथं न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या शेतावर सिअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून निवडून वाढवल्या होत्या. हेलन न्यूटन टर्नर या आनुवंशिकीतज्ज्ञ बाईंनी त्या कळपाची नोंद घेतली आणि तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत त्याचा अभ्यास सुरू झाला. बुरूलाच्या मेंढ्यांची ही करामत एका जनुकामुळे आहे, असं १९८२मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं. जनुकाला नाव मिळालं फेक-बी. मग प्रश्न आला, मेरिनोत हा जनुक आला कुठून? १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या जहाजातून गेल्या होत्या. २००२मध्ये गारोलच्या रक्तात तोच जनुक सापडला आणि त्या जुन्या जहाजांच्या नोंदींना नवं वजन आलं. दोनशे वर्षांपूर्वी खाण्यासाठी जहाजात चढवलेल्या जनावरांबरोबर एक अक्षर समुद्रापार गेलं होतं, याची त्या वेळी कुणालाच कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

अक्षर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. २००१मध्ये फ्रान्स, एडिंबरा आणि न्यूझीलंड इथल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं, की मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या बीएमपीआर-१बी या जनुकात एका जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ आहे. तेवढ्यानं त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या २४९व्या जागी ग्लुटामाइन जाऊन आर्जिनिन बसतं. हे प्रथिन पुटकातल्या पेशींच्या पृष्ठभागावर बसून बाहेरचे निरोप आत पोचवतं. ते जरा बिघडलं की पुटकं लवकर पिकतात, लहान असतानाच एलएचला प्रतिसाद देऊ लागतात. लहान पुटक इस्ट्रोजेन आणि इन्हिबिनही थोडंच सोडतं. मग दोन-तीन लहान पुटकं मिळून एका मोठ्या पुटकाएवढा निरोप पियूषिकेला पाठवतात. ग्रंथीला वाटतं, एकच पुढं निघालंय. प्रत्यक्षात दोन-तीन तरलेली असतात. मला हे वाचताना जनावराच्या शरीराविषयी वाटणारा आदर वाढला.

याच कुळातल्या दुसऱ्या एका जनुकाची कथा माणसापर्यंत पोचते. न्यूझीलंडच्या इनव्हरडेल मेंढ्यांत बीएमपी-१५ या जनुकाची एक बिघडलेली प्रत असेल तर जुळी वाढतात आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर मेंढी वांझ राहते, असं २०००मध्ये कळलं. चारच वर्षांत तसाच बिघाड ज्यांची पाळी सुरूच झाली नाही अशा बहिणींमध्ये सापडला. मेंढवाड्यातलं ज्ञान स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलावर पोचायला एवढाच वेळ लागला.

आता फलटणकडे. अडचण अशी, की मेंढ्याकडे बघून त्याच्या रक्तात हा बदल आहे की नाही ते कळत नाही. नर कोकरं देत नाही, त्यामुळे त्याच्या मुली व्यायची वाट पाहायची तर दोन वर्षं जातात. इथं पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कामाला आली. डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांचे सहकारी रक्ताच्या थेंबातून डीएनए काढून तपासत. जनुकाचा १९० अक्षरांचा तुकडा वाढवायचा आणि त्यावर एक विकर सोडायचं. बदल असेल तर विकर तिथंच कापतं आणि १६०चा तुकडा उरतो. जेलमध्ये वीज सोडल्यावर साध्या मेंढीची एक पट्टी वर दिसते, दोन्ही प्रती बदललेल्या मेंढीची एक खाली, आणि एकच प्रत असलेल्या मेंढीच्या दोन पट्ट्या. मेंढपाळाच्या भविष्याचं इतकं साधं चित्र मी दुसरं पाहिलं नाही.

पण पट्टी म्हणजे कोकरू नव्हे. किती बीजं सुटली ते पाहायला बीजांडकोशच पाहावा लागतो. त्यासाठी लॅपरोस्कोप. मेंढीला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात, पाळण्यावर डोकं खाली करून उताणी बांधतात, कासेच्या पुढं भूल देऊन बारीक छेद घेतात आणि दुर्बीण आत घालतात. सुटलेल्या प्रत्येक बीजाच्या जागी एक पीतपिंड उरतो, ते मोजले की झालं. डॉ. प्रदीप घळसासी यांनी संस्थेत लॅपरोस्कोपच्या मदतीनं थेट गर्भाशयात रेतन करण्याचं तंत्रही वापरलं आणि त्यावर चंदाताईंबरोबर शोधनिबंध लिहिला. या मुलखात, जिथं जनावराचा दवाखाना गाठायला अर्धा दिवस मोडतो, तिथं हे काम करणाऱ्यांची चिकाटी मला प्रयोगाइतकीच महत्त्वाची वाटते.

तिसरं चित्र सोनोग्राफीचं. मेंढी साधारण १५० दिवस गाभण राहते. दीड ते तीन महिन्यांच्या मधल्या काळात पोटाला सोनोग्राफीचा प्रोब लावला की आत एक आहे की दोन, ते मोजता येतं. एकाचं आणि दोघांचं पोट एकाच चाऱ्यावर ठेवणं चूक आहे. पोटात दोन असतील तर शेवटच्या दीड महिन्यात मूठभर जास्त खुराक लागतोच. पोटातला गर्भ तपासण्याच्या तंत्रांचा माणसांच्या बाबतीत लिंगनिदानासाठी आपल्या राज्यात इतका दुरुपयोग झाला, की १९८८मध्ये देशात पहिल्यांदा महाराष्ट्राला कायदा करावा लागला. ते आठवलं की पडद्यावर कोकरं मोजणारं यंत्र पाहताना मन थोडं हलकं होतं आणि थोडं जडही.

निष्कर्ष काय? बुरूला मेरिनोत दोन प्रती असलेल्या मेंढीची पाच-पाच बीजं सुटतात. दख्खनीत हा जनुक इतका मोकाट सुटत नाही. एक प्रत असलेल्या मेंढीला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात, म्हणजे दोन वेतांत एक जादा. जुळी येतात, तिळी क्वचित. माझ्या मते हीच या कामाची खरी कमाई आहे. वाड्याबरोबर चालणाऱ्या मेंढीला तिळं म्हणजे शिक्षा. निंबकरांच्या संस्थेनं जास्तीत जास्त कोकरांच्या मागं न धावता, आई किती पाजू शकेल हा प्रश्न सोबत ठेवला. गारोलचं ठेंगणेपण जावं म्हणून दख्खनीच्या लोणंद जातीशी आणि बन्नूरशी पिढ्यांमागून पिढ्या संकर केला, दुधासाठी अवासी मेंढीचं रक्त घातलं. त्यातून नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी उभी राहिली. २००८च्या नोव्हेंबरात हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ याच जनुकावरची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा पुण्यात भरली. कूमाहून निघालेला विषय पुन्हा भारतात आला होता.

माझी एक काळजी आहे. मेंढपाळ मेंढा निवडतो तो उंची, पाठ आणि काळा रंग पाहून. जनुकाची एकच प्रत असलेल्या मेंढ्याच्या निम्म्याच लेकरांत तो उतरतो. त्यांच्यातून पुन्हा निवड झाली नाही, तर दोन-तीन पिढ्यांत कळपात पातळ होऊन हरवतो. प्रत्येक वेळी रक्त पुण्याला पाठवणं बारामतीच्या बागायतदारालाही परवडणार नाही, मग माळावरच्या वाड्याचं काय? शासनानं मेंढपाळांसाठी काढलेल्या योजनांत मेंढे वाटपाबरोबर रक्ततपासणीचा खर्च असायला हवा. हे मला ठामपणे वाटतं.

आणि एक वाट वाड्यातच आहे. लागोपाठ दोन वेतांना जुळं देऊन पाजणारी मेंढी ओळखायला जेल लागत नाही. तिच्या कानाला खूण करायची, गाभण असताना तिला कडब्याबरोबर मूठभर सरकी द्यायची, आणि लोणंदच्या बाजारात व्यापाऱ्यानं कितीही भाव केला तरी तिच्या मादी कोकरांची दावण सोडायची नाही.