छोट्या गाडीवरचा बीम

इचलकरंजीला लागून असलेले कबनूर (ता. हातकणंगले) हे यंत्रमागाचे गाव. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हा धंदा शेजारच्या गावांत पसरला. धाग्यांना खळ लावणाऱ्या सायझिंगमधून कारखान्यात बीम न्यायचे, सुताची बाचकी आणायची, कापड पोचवायचे, ही ये-जा रोजचीच. अंतर थोडे आणि गल्ल्या अरुंद असल्याने तिथे छोटी मालगाडीच सोयीची पडते. २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, याच वर्गातली.

बीम वाहणे हे या कामातले सर्वांत जोखमीचे. बीमच्या नळीवर ताण्याचे धागे गुंडाळलेले असतात आणि दोन्ही टोकांना चकत्या असतात. माल जड, गोल आणि तरीही नाजूक. दोर धाग्यांवरून आवळला तर ते दबतात, तुटतात, आणि त्याचा त्रास पुढे मागावर होतो. म्हणून दोर नळीच्या टोकांना बांधावा आणि चकत्यांना दोन्हीकडून लाकडी गुटके घट्ट बसवावेत. नुसत्या दोरावर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात ताडपत्री हवीच, कारण धाग्यांवरची खळ पाण्याने खराब होते.

वजन किती, एवढेच पाहून भागत नाही. ते हौद्यात कुठे बसले हेही तितकेच महत्त्वाचे. टाटा एसच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.१ मीटर अंतर आहे. ६०० किलो मालाचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे ८५ किलो भार कमी होतो आणि मागच्या आसावर ६८५ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते आणि ब्रेकची पकड घटते. फाळका उघडा ठेवून बीम मागे लोंबवणे यासाठीच धोक्याचे.

युरोपात पिकअपवर राहण्याची केबिन चढवणाऱ्यांनाही हेच गणित करावे लागते. तिथे साध्या परवान्यावर एकूण वजनाची मर्यादा ३.५ टन असते. केबिन, पाणी, सामान आणि माणसे धरून ती सहज गाठली जाते. केबिनचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे ठेवतात. माल बांधण्याच्या युरोपीय मानकानुसार रस्त्यावरची बांधणी पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि मागच्या दिशेने ०.५ पट जोर सोसणारी हवी. हा हिशेब लावला तर २०० किलोचा बीम जोरात ब्रेक लागताच चालकाच्या केबिनकडे १६० किलोच्या जोराने ढकलला जातो. तेव्हा त्याच्यापुढे चालक बसलेला असतो.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. हौद्याबाहेर माल काढला तरी २०,००० रुपये. दंडापेक्षा मोठे नुकसान पाटे, टायर आणि ब्रेक यांचे होते. नायलॉनचा दोर हादऱ्यांनी सैल पडतो, त्यामुळे निघाल्यावर थोड्याच अंतरावर गाडी थांबवून गाठी व गुटके पुन्हा तपासावे लागतात.