‘शासनमान्य’ पाटीमागचा हिशेब
राज्यातील सार्वजनिक वाचनालयांना मिळणारे अनुदान ठरते कसे आणि पुरते किती?

मुंबई, प्रतिनिधी

वाचनालयाच्या दारावरील फलकावर संस्थेच्या नावाखाली बहुधा दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक ‘शासनमान्य’ हा शब्द आणि दुसरा ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ हा वर्ग. हा फलक वाचून अनेकांचा समज होतो, की वाचनालय सरकारचे आहे, पुस्तके सरकार पुरवते आणि टेबलामागे बसलेला ग्रंथपाल सरकारी नोकर आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये नागरिकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्था चालवतात. शासन त्यांना मान्यता देते, वर्षाकाठी अनुदान देते आणि त्या अनुदानाचा हिशेब मागते. शासनाचा संबंध मुख्यतः एवढाच. त्यामुळे अनुदानाची रक्कम आणि ती मिळण्याची वेळ या दोन गोष्टींवर राज्यातील अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयांचे दैनंदिन जीवन अवलंबून राहते.

लोकाश्रयाकडून कायद्याकडे

मराठी मुलखातील ग्रंथालये कायद्याहून कितीतरी जुनी आहेत. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधले, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, तर पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मधले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. वर्गणी, देणग्या आणि कार्यकर्त्यांचे श्रम यांवर या संस्था वाढल्या. ग्रंथालये गावोगावी पोहोचावीत, यासाठी शासनानेच योजना आखावी, हा विचार मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीमुळे पुढे आला. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा केला होता.

महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले, राज्य ग्रंथालय परिषदेची तरतूद झाली आणि जिल्हा पातळीवर समित्या व ग्रंथालय अधिकारी आले. प्रत्यक्ष अनुदानाचे नियम १९७० मध्ये तयार झाले. जुन्या संस्था ताब्यात न घेता त्यांना मान्यता देऊन साहाय्य करायचे, हे या कायद्याचे मुख्य सूत्र आहे. लोकांच्या पुढाकाराचा मान राखणारी ही व्यवस्था होती, यात शंका नाही. तिची दुसरी बाजू पुढील काळात हळूहळू स्पष्ट होत गेली.

वर्ग ठरतो कसा?

अनुदानासाठी ग्रंथालयांची दोन प्रकारे विभागणी केली जाते. जिल्हा, तालुका आणि इतर ही पहिली विभागणी. ‘अ’ ते ‘ड’ वर्ग ही दुसरी. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी वृत्तपत्रे व नियतकालिके, कामकाजाचे तास आणि कर्मचारी यांचा विचार होतो. ढोबळमानाने ‘अ’ वर्गासाठी पंधरा हजारांहून अधिक, ‘ब’ वर्गासाठी पाच हजारांहून अधिक आणि ‘क’ वर्गासाठी एक हजाराहून अधिक ग्रंथ असावे लागतात. ‘ड’ ही पहिली पायरी. राज्यातील बहुसंख्य ग्रंथालये ‘क’ आणि ‘ड’ या दोन वर्गांतच आहेत.

मान्य खर्चाच्या ९० टक्के रक्कम किंवा त्या वर्गासाठी ठरलेली कमाल मर्यादा, यांपैकी जी कमी असेल तेवढेच अनुदान मिळते. उरलेला भार संस्थेने वर्गणी व देणग्यांतून उचलायचा असतो. अनुदान दोन हप्त्यांत दिले जाते. त्यासाठी वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागतात. दुसरा हप्ता अनेकदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर हाती पडतो. तोपर्यंत वृत्तपत्रांचे बिल, वीजबिल आणि पगार यांसाठी उधार-उसनवारी करण्याची वेळ कार्यवाहांवर येते.

आकडे काय सांगतात?

अनुदानाचे दर २०१२ मध्ये वाढवण्यात आले. त्यानंतर थेट दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढीचा निर्णय घेतला. त्या वाढीने ‘इतर’ गटातील ‘अ’ वर्गाची मर्यादा २ लाख ८८ हजारांवरून ४ लाख ६० हजार ८०० रुपयांवर गेली. ‘ब’ वर्गाची १ लाख ९२ हजारांवरून ३ लाख ७ हजार २०० रुपये, ‘क’ वर्गाची ९६ हजारांवरून १ लाख ५३ हजार ६०० रुपये आणि ‘ड’ वर्गाची ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाली.

साठ टक्के हा आकडा मोठा वाटतो. पण तो बारा महिन्यांत विभागून पाहिला पाहिजे. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा इतर खर्चासाठी असतो. म्हणजे ४८ हजारांच्या हिशेबाने ‘ड’ वर्गातील ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाला २४ हजार, अर्थात महिन्याला दोन हजार रुपये येतात. वाढीपूर्वी ही रक्कम साडेबाराशे रुपये होती. ‘अ’ वर्गात चार कर्मचारी धरले, तर वाढीनंतरही प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला सरासरी चार हजार आठशे रुपयेच पडतात. उरलेल्या निम्म्या रकमेत ग्रंथखरेदी, नियतकालिके, बांधणी, वीज, जागेचे भाडे आणि दुरुस्ती बसवायची असते.

कर्मचारी सरकारी नसल्याने त्यांना शासकीय वेतनश्रेणी नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींनुसार वेतनश्रेणी व सेवाशर्ती लागू कराव्यात, ही ग्रंथालय संघांची मागणी त्यामुळेच वर्षानुवर्षे पुढे येत राहिली.

पडताळणी आणि तिचे परिणाम

अनुदान घेणारी सगळी ग्रंथालये खरोखर चालतात का, हा प्रश्नही रास्त होता. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी झाली. काही ठिकाणी ग्रंथालय केवळ कागदावर असल्याचे, तर अनेक ठिकाणी निकषांत त्रुटी असल्याचे आढळले. कारवाई आवश्यकच होती. मात्र त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि जुन्यांचा वर्ग वाढवणे दीर्घकाळ थांबले. परिणामी ज्या संस्थांनी ग्रंथ व सभासद प्रामाणिकपणे वाढवले, त्याही जुन्याच वर्गात अडकल्या. खर्च वाढला, अनुदान तेवढेच राहिले.

शेजारी काय करतात?

१९४८ मध्ये मद्रास राज्याने केलेल्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची तरतूद होती. कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात उपकराचा मार्ग स्वीकारला आणि ग्रंथालये शासकीय विभागामार्फत चालवली. गोव्याच्या १९९३ च्या कायद्याने मद्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा केला. महाराष्ट्राच्या कायद्यात मात्र उपकर नाही. ग्रंथालय निधीसाठी राज्याच्या अर्थसंकल्पावरच विसंबावे लागते. उपकराचे उत्पन्न मालमत्तांच्या वाढीबरोबर काही प्रमाणात आपोआप वाढते. अर्थसंकल्पी अनुदान वाढण्यासाठी मात्र प्रत्येक वेळी नवा निर्णय लागतो, आणि तो निर्णय यायला दहा वर्षेही लागू शकतात.

याला केंद्राची जोड आहे. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान समान निधी आणि असमान निधी योजनांतून ग्रंथ, इमारत व साधनसामग्रीसाठी साहाय्य करते. समान निधी योजनेत राज्यालाही आपला वाटा घालावा लागतो. पगाराचा प्रश्न मात्र या मदतीने सुटत नाही.

शहरातील वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याची शक्यता आहे. तथापि, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, सकाळी वृत्तपत्रे चाळणारे ज्येष्ठ नागरिक आणि दिवाळी अंकांसाठी क्रमांक लावणारे सभासद ज्या खोलीत येऊन बसतात, तिचा दिवा या हिशेबावर जळतो. अनुदान हा त्या व्यवस्थेचा कणा आहे. पण सभासदांची वर्गणी हाही तिचा कायदेशीर घटक आहे. सभासद घटले तर वर्ग धोक्यात येतो आणि वर्ग गेला तर अनुदानही घटते. घराजवळच्या वाचनालयाचे सभासदत्व घेणारा वाचक म्हणूनच केवळ पुस्तकच घरी नेत नाही, त्या फलकावरील अक्षरही टिकवत असतो.