एका माळेचे थर्मोस्टॅट

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटरच्या अध्यापक महाविद्यालयात, वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. थंडीच्या दिवसांत भर तासाला शिपाई वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा उघडायचा किंवा बंद करायचा. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सननी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याचं काम एवढंच, की खोली तापली किंवा गारठली की खाली तळघरात इशारा द्यायचा. म्हणजे तारेच्या एका टोकाला थर्मोस्टॅट आणि दुसऱ्या टोकाला माणूस.

आता त्या माणसाच्या जागी एक छोटा डबा असतो, वेब कंट्रोलर. लॅपटॉपवर ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका, की सगळ्या इमारतीचं तापमान समोर. विक्रेता प्रात्यक्षिक देतो ते या पडद्याचंच, त्यामुळे खरेदी करणाऱ्याला वाटतं की सगळी करामत तिथेच आहे. तसं नाही. ब्राउझर उघडायची वेळ येते तोवर जे बिघडायचं ते बहुतेक बिघडून झालेलं असतं, भिंतीत आणि फॉल्स सीलिंगच्या वर.

समजा, पुण्यात तीन मजल्यांचं एक ऑफिस आहे. गच्चीवर चिलर. तिथून साधारण सात अंशांचं गार पाणी पाइपातून खाली येतं आणि प्रत्येक खोलीच्या छतात लपवलेल्या फॅन कॉइल युनिटमध्ये, म्हणजे एफसीयूमध्ये जातं. एफसीयूत तीन गोष्टी महत्त्वाच्या: पंखा, पाण्याची कॉइल आणि पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह. पंखा किती जोरात फिरवायचा आणि व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठरवतो. असे अठरा थर्मोस्टॅट, प्रत्येक मजल्यावर सहा. ते बॅकनेट या भाषेत बोलतात. ‘ॲशरे’ या अमेरिकी संस्थेने १९९५ मध्ये हे मानक प्रसिद्ध केलं, ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून.

पहिलं काम कागदावरचं. एका तक्त्यात खोलीचं नाव, एफसीयूचा क्रमांक, थर्मोस्टॅटचा पत्ता आणि त्याचा डिव्हाइस क्रमांक लिहून काढायचा. पत्ता हा त्या वायरीपुरता असतो, आपल्या उदाहरणात १ ते १८. डिव्हाइस क्रमांक मात्र साऱ्या नेटवर्कमध्ये एकमेव हवा. तो ४१ लाख ९४ हजार ३०२ पर्यंत कितीही चालतो, म्हणून त्यातच अर्थ भरावा. दुसरा मजला, पहिली लाइन, सातवा पत्ता म्हणजे २०१०७. पुढे कधी अलार्म आला की आकड्यावरूनच कळतं, शिडी कुठे लावायची.

मग वायर. आरएस-४८५ पद्धतीची ही दोन तारांची जोडी पीळ दिलेली आणि वर शिल्ड असलेली असावी. ती माळेसारखी ओवत न्यायची: कंट्रोलरवरून पहिल्या थर्मोस्टॅटला, तिथून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. घरातल्या दिव्यांची वायरिंग करणाऱ्या वायरमनला हे पटत नाही. त्याचा हात एका जंक्शन बॉक्समधून सहा फांद्या काढण्याकडे जातो. दिव्यांना ते चालतं, इथे नाही. फांदीच्या टोकावरून सिग्नल परत उलटतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. माळेच्या दोन्ही टोकांना, फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रेझिस्टर बसवायचा, म्हणजे सिग्नल तिथे जिरतो. शिल्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची. आणि ही वायर मोटारींच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये दामटायची नाही. कमी वेगावर ही माळ १२०० मीटरपर्यंत जाते, तीन मजल्यांना ती भरपूर झाली.

टर्मिनलवरच्या ‘ए’ आणि ‘बी’ या खुणांवर फार विसंबू नका. एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असू शकतो. प्लस-मायनस पाहा आणि रंग एकदा ठरवला की अठराही ठिकाणी तोच ठेवा.

सगळं जोडून झालं की वीज बंद ठेवूनच मल्टिमीटर लावायचा. प्लस आणि मायनसमध्ये साठ ओहमच्या आसपास आकडा आला तर दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर आहेत. एकशेवीस आला तर एक राहिलाय किंवा वायर मध्येच तुटली आहे. चाळीस आला तर कुणीतरी उत्साहाने तिसराही बसवलाय. मिनिटभराची ही तपासणी न करता मी एकदा अख्खा दिवस पडद्यासमोर घालवला आहे, तेव्हापासून मीटर खिशातच असतो.

या वायरीवर बोलायची रीत ग्रामसभेतल्या एकाच माइकसारखी आहे. माइक हातोहात पुढे जातो आणि तो ज्याच्या हातात असेल तोच बोलतो. दोघांचा पत्ता एकच असेल तर माइक कुणाचा यावरून गोंधळ उडतो आणि पडद्यावर दोघेही दिसतात-गायब होतात. पत्ता डिप स्विचवर किंवा थर्मोस्टॅटच्या मेनूत घालायचा, वेग (समजा ३८४००) सगळीकडे एकच ठेवायचा. आणखी एक सेटिंग असतं, मॅक्स मास्टर: कितव्या पत्त्यापर्यंत हाक मारायची याची मर्यादा. ती १२७ असते, पुढे कुणी नाही म्हणून लोक ती २० वर आणतात. चांगलंच आहे, शोधाशोधीचा वेळ वाचतो. पण वर्षभराने कुणी नवा थर्मोस्टॅट ४० या पत्त्यावर बसवला, तर त्याच्या हातात माइक कधीच येणार नाही, आणि वायर तपासून तपासून मेकॅनिकचा जीव जाईल.

आता लॅपटॉप. कंट्रोलर कारखान्यातून एक ठरलेला आयपी पत्ता घेऊन येतो. तो १९२.१६८.१.१० असेल, तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० असा शेजारचा पत्ता द्यायचा, तेव्हाच ब्राउझरमध्ये पान उघडतं. उघडल्या उघडल्या आधी पासवर्ड बदलायचा, मग टाइम झोन. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. हे राहून गेलं तर सकाळी साडेआठचं वेळापत्रक दुपारी दोनला सुरू होतं, आणि सगळे चिलरला दोष देतात.

त्यानंतर शोध. कंट्रोलर वायरीवर ‘कोण आहे?’ असं विचारतो आणि थर्मोस्टॅट एकेक करून ‘मी आहे’ म्हणतात. बॅकनेटमध्ये या संदेशांची नावं खरोखरच अशी आहेत. शाळेतल्या हजेरीसारखं कागदावरच्या तक्त्याशी ताडून पाहायचं. अठरा नावं आली की हायसं वाटतं, पण इथे थांबू नये.

कारण थर्मोस्टॅट बोलतो एवढंच सिद्ध झालंय, तो कुठल्या एफसीयूला चालवतो हे नाही. एका सहकाऱ्याला फोन घेऊन मीटिंग रूममध्ये उभं करा. पडद्यावरून त्या खोलीचा सेटपॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, अठरावर न्या आणि त्याला विचारा, हवा कुठून आली? पंखा वाढला का? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘इथे काही नाही, पण शेजारच्या केबिनमधले साहेब ओरडतायत.’ छतातल्या वायरी अदलाबदल झालेल्या असतात. मग मीटिंग रूम तापते, तिचा थर्मोस्टॅट आणखी गारवा मागतो आणि तो गारवा केबिनमध्ये ओतला जातो. साहेब कुडकुडत आपला सेटपॉइंट वाढवतात, त्यामुळे मीटिंग रूम आणखी तापते. दोघेही आपल्या परीने शहाणपणाने वागतात आणि गोष्ट बिघडतच जाते. पडद्यावर मात्र सगळं हिरवं दिसतं. अठराही खोल्यांत असं माणूस उभं करून बघायला अर्धा दिवस लागतो. कंत्राटदार तो टाळू पाहतो. टाळू देऊ नका.

सेटपॉइंट २४ ठेवायला हरकत नाही. स्टार लेबलच्या घरगुती एसींना १ जानेवारी २०२० पासून तेच मूळ सेटिंग सक्तीचं आहे, आणि एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. लोकांना बटण दाबू द्यावं, पण २२ ते २७ च्या मर्यादेत. बटण अगदीच कुलूपबंद केलं की माणसं थर्मोस्टॅटवर ओला रुमाल ठेवतात किंवा गरम चहाचा कप धरतात. ऑफिस सुटल्यावर सेटपॉइंट २८ वर जाईल असं वेळापत्रक घाला आणि उशिरापर्यंत बसणाऱ्यांसाठी दोन तासांची सवलत ठेवा. सुट्ट्यांचं कॅलेंडर वेगळं असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट एकदा घातले की कायमचे. गुढीपाडवा आणि गणेश चतुर्थी दर वर्षी सरकतात, त्यांच्या तारखा डिसेंबरात नव्याने भराव्या लागतात. हे काम कुणाचं, ते आत्ताच ठरवा.

एवढं करूनही एखादी खोली वेळापत्रक जुमानत नाही. बॅकनेटमध्ये हुकमांना सोळा पायऱ्या असतात, पहिली सर्वांत वरची. माणसाने हाताने दिलेला हुकूम सहसा आठव्या पायरीवर बसतो, वेळापत्रक त्याच्या खाली. कुणीतरी एके दिवशी पाहुणे आले म्हणून पडद्यावरून ‘चालू’ लिहिलं आणि ते मागे घेतलं नाही, तर खालचं वेळापत्रक रोज हुकूम देत राहतं आणि कुणी ऐकत नाही. अशा वेळी ‘बंद’ लिहायचं नसतं, कारण तोही हुकूमच. आठव्या पायरीवरचा हुकूम काढून घ्यायचा, त्यासाठी पडद्यावर ‘रिलीज’ किंवा ‘ऑटो’ असं बटण असतं.

घरून बघता यावं म्हणून कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये फिनलंडच्या लाप्पेनरांता शहरात दोन निवासी इमारतींचे हीटिंग कंट्रोलर इंटरनेटवरून आलेल्या माऱ्याने पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले आणि ऐन थंडीत हीटिंग बंद पडलं. बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएन घ्या.

जाण्याआधी कंट्रोलरचा बॅकअप काढून इमारतीच्या व्यवस्थापकाकडे द्या, आणि दुरुस्त केलेल्या तक्त्याची छापील प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.