बायबलमधली रापण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे गाव नांदगाव, कणकवली तालुक्यातले, मुंबई–गोवा महामार्गावरचे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना ‘नांदगाव रोड’ हे स्टेशन ठाऊक असेल. गावातून समुद्र दिसत नाही. पण तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो आणि त्या रस्त्याने समुद्र सकाळी सकाळी टोपलीतून आमच्या दारी येतो.

मी ख्रिस्ती. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी आम्ही मटण-कोंबडी वर्ज्य करतो; मासा चालतो. अशाच एका शुक्रवारी मासेवालीच्या टोपलीत तळहातावर मावतील एवढे सरंगे, म्हणजे पापलेटे दिसली. मी विचारले, “इतकेशे सरंगे कित्याक हाडलंस गे?” ती म्हणाली, “मोठे खंय गावतत आता, गुरुजी? आणि तुमी घेतास म्हणान मी हाडतंय.”

मी ते सरंगे घेतले. घरी येऊन जेवलोही. पण तिचे दुसरे वाक्य काही केल्या गळ्याखाली उतरेना. उपवास माझा आणि पिल्ले समुद्राची!

त्या संध्याकाळी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. त्यात प्रभू येशूने जाळ्याचा दृष्टान्त सांगितला आहे. जाळे समुद्रात टाकतात, त्यात नाना जातींचे मासे येतात. ते भरले की लोक किनाऱ्यावर ओढून आणतात, खाली बसतात, चांगले मासे भांड्यात ठेवतात आणि वाईट टाकून देतात. हा दृष्टान्त मुळात अखेरच्या न्यायाविषयीचा आहे, मासेमारीच्या नियमांविषयीचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण येशूने तो सांगितला गालील सरोवराकाठच्या लोकांना. त्यांना जाळे कसे ओढतात ते शिकवावे लागत नव्हते.

मराठीत आपण नुसते ‘जाळे’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘सागेने’. हातात धरून फेकायच्या जाळ्याला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे. सागेने म्हणजे होडीतून नेऊन पाण्यात अर्धवर्तुळ पसरायचे आणि किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे लांबलचक जाळे. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला हे वर्णन वाचून एकच शब्द सुचेल : रापण! आमच्या किनाऱ्यावर गाबीत बांधव रापण ओढतात, तसे ख्रिस्ती मच्छीमारही ओढतात. दोन्हीकडचे दोर माणसे मिळून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. एकट्याने रापण ओढता येत नाही, हेच तिचे मोठेपण.

आता गंमत पाहा. हाच ‘सागेने’ शब्द लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि त्याचा ‘सीन’ झाला. पुढे त्याला ‘पर्स’ म्हणजे बटवा हा शब्द जोडून ‘पर्ससीन’ हे नाव तयार झाले. या जाळ्याच्या तळाला कड्या असतात व त्यांतून दोर ओवलेला असतो. माशांच्या थव्याभोवती जाळे सोडून दोर खेचला की बटव्याची नाडी आवळावी तसा तळ बंद होतो. थवाच्या थवा आत. शब्दाचे मूळ एकच. पण एक जाळे किनाऱ्यावर माणसे जमवते आणि दुसऱ्यामुळे आमच्या किनाऱ्यावर गेली कित्येक वर्षे माणसे एकमेकांसमोर उभी राहिली आहेत.

हा वाद सरकारदरबारीही गेला. 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आणि त्याच वर्षी पापलेटाला राज्य मासा म्हणून मान दिला. 1 जून ते 31 जुलै ही पावसाळी बंदी तर आहेच. मात्र कायदा कागदावर असणे आणि समुद्रात असणे यांत बारा सागरी मैलांचे अंतर पडू शकते.

पर्ससीनवाल्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्या बोटींवरही कर्जे असतात, खलाश्यांची पोटे असतात. म्हणून मला बायबलमधला एक फार जुना नियम महत्त्वाचा वाटतो. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिल्ले न्यावीत, पण त्यांच्यावर बसलेल्या आईला सोडून द्यावे. घेऊच नका असे तेथे म्हटलेले नाही. उद्या पुन्हा घरटे बांधले जाईल एवढे मागे राहू द्या, असे म्हटले आहे. लेवीय पुस्तकात शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांसाठी राखा, असा नियम आहे. विधवा रूथ बवाजाच्या शेतात धान्य वेचू शकली ती अशाच नियमामुळे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीची काळजी व्यक्त केली, तीही याच परंपरेतली.

आणि लूकच्या पाचव्या अध्यायातला शिमोन पेत्र आठवा. रात्रभर काही मिळाले नव्हते. मग येशूच्या शब्दाखातर जाळे सोडले तेव्हा इतके मासे लागले की जाळे फाटू लागले. त्याने काय केले? दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना खुणावून बोलावले. भरलेले जाळे पाहून शेजारच्या होडीची आठवण होणे, हेही मला त्या चमत्काराइतकेच मोठे वाटते.

श्रावणात माझे हिंदू शेजारी मासा वर्ज्य करतात. थांबणे आपल्या मातीला नवे नाही. प्रश्न फक्त माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा आहे. दृष्टान्तातली माणसे किनाऱ्यावर बसून मासे निवडतात. मला वाटते, टोपलीसमोर बसणारा मीही त्या निवडणाऱ्यांतलाच. मी पिल्लू घेतले, तर उद्याही कुणीतरी पिल्लूच पकडील.

पुढच्या शुक्रवारी ती आली. टोपलीत पुन्हा बारके सरंगे होते. तिचेही पोट टोपलीवर, हे मी विसरलो नव्हतो. सरंगे बाजूला ठेवून मी खाडीतल्या तिसऱ्यांचे दोन वाटे घेतले. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बरां तर, गुरुजी. फुडल्या शुक्रवारी तिसरेच हाडतंय.”