कॅसेटमधली गाणी मोबाईलमध्ये, पण कान सांभाळून

आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत माळ्यावर अजून कॅसेटी पडून आहेत. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज, आणि कुठल्यातरी जयंतीला टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेला गल्लीतल्या गायन पार्टीचा कार्यक्रम. बाजारातल्या कॅसेटमधले गाणे आज ना उद्या कुठेतरी मिळेल. गल्लीतला तो कार्यक्रम मात्र एकाच फितीवर आहे. मोबाईलमध्ये घ्यायची सुरुवात तिच्यापासूनच करा.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारील. आधी बुरशीचे बघा. पावसाळ्याच्या ओलीने फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट खोलीत उघडू नका. ती धूळ दमेकऱ्याला आणि लहान मुलांना त्रास देते. तोंडाला मास्क बांधून, बाहेर उघड्यावर, कोरड्या मऊ कापडाने पुसा. बुरशी तशीच ठेवून कॅसेट लावली, तर टेपचे हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागते. कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची दोन बारीक पाने मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबले तरी गाणे पुसले जाणार नाही.

टेपच्या इअरफोनच्या भोकातून संगणकात वायर जोडायची आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर भरून घ्यायचे. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटे लागतातच, घाई चालत नाही. स्पीकरपुढे मोबाईल धरून भरू नका. गाण्यात कुकरची शिट्टीही येते. साध्या एमपी३मध्ये एका मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अशा ५०० कॅसेटी सहज बसतात. फाईलला नाव देताना गायकाबरोबर गीतकाराचेही नाव लिहा. वामनदादांनी लिहिलेली गाणी कितीतरी जणांनी गायली. नुसता गायक लिहिला तर लिहिणारा पुसला जातो. गल्लीतल्या कार्यक्रमात ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या.

आता कानाचे. जुन्या फितीचा आवाज दबलेला असतो, नवी गाणी मात्र मुळातच कडक भरलेली. दोन्ही एकाच यादीत ठेवली, की जुन्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्याच गाण्याला कानात आदळतो. ऑडॅसिटीत सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय आहे. कंटाळा न करता ती वापरा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी पातळी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशींमुळे आपल्याला ऐकू येते, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. लोकलच्या खडखडाटात आवाज चढवण्याची सवय याच कारणाने घातक. तिथे गाणी बंदच ठेवलेली बरी. रूळ किंवा रस्ता ओलांडताना तर इअरफोन खिशातच हवा.

इअरफोन काढल्यावर कानात शीळ वाजत राहिली, किंवा समोरच्याचे बोलणे पुन्हा पुन्हा विचारावे लागू लागले, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्या. कानात गरम तेल घालत बसू नका. आजोबा गाणे रोज थोडे अधिकच मोठ्याने लावायला सांगत असतील, तर त्यांनाही घेऊन जा.

आणि सगळे भरून झाले की एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकाकडे ठेवा. कार्ड कधीही बिघडते, आणि पुराचे पाणी घरात शिरले तर ते कार्ड आणि कॅसेट असा भेद करत नाही.